चार बोटं

शनिवारचे तीन तास कोझुएचे हक्काचे. लेकीला सासूबाईंकडे सोपवायचं, पिशवीत पाव टाकायचा आणि चित्रकला शिकवणाऱ्या सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा, स्टुडिओ गाठायचा. पावाच्या मऊ गराने कोळशाच्या रेषा पुसायच्या; कडा घरी न्यायच्या. लेक त्या साखर लावून मिटक्या मारत खायची.

आज शेवटचा शनिवार. वर्षभर सेन्सेईंच्या हाताखाली शिकायची जागा एकच होती आणि त्यासाठी उरल्या होत्या दोघीच, ती आणि तामाकी. तामाकीच्याच ओळखीने ती इथे आली होती.

मॉडेल इसोनोसान वीस मिनिटं उभ्या राहत, मग अंगावर झगा ओढून चहाला जात. परतल्यावर पावलं नेमकी तिथेच पडावीत म्हणून चौथऱ्यावर चिकटपट्ट्या लावलेल्या. अंगाचा सगळा भार उजव्या टाचेवर. ती टाच साधायला कोझुएला तीन शनिवार लागले होते. आत्ता कुठे चित्रातली बाई जमिनीवर उभी राहिली होती.

चहाच्या सुट्टीत कोझुए घरी फोन करून आली, तर टाच जुळेना.

"तामाकी, टाच सरकलीय का गं?"

"टाच नाही, तुझे डोळे सरकलेत. पोरीपायी झोप नाही तुला. समोर दिसतंय ते काढ ना बाई!"

सेन्सेईही हेच म्हणत. कोझुएने टाच पुसली. मग पोटरी, मग कंबर. टाच हलली की सगळं अंगच हलतं. गर संपला तशा कडाही कुस्करल्या. वेळ संपली तेव्हा बाई कमरेपर्यंतच होती.

जागा तामाकीला मिळाली.

निघताना इसोनोसान म्हणाल्या, "आज चहानंतर टाचेखाली फळीतली ती गाठ नव्हती, सुटले बाई! तीन आठवडे नुसती टोचत होती."

कोझुए चौथऱ्याशी वाकली. गाठीवर जुन्या पट्टीचा चिकट डाग होता. पट्टी चार बोटं पलीकडे.

"तू?"

तामाकी कागद गुंडाळत राहिली. "चार बोटं तर होती. माझ्या चित्रात टाच तिथेच आली होती. मला नाही जमत तुझ्यासारखं पुन्हा पुन्हा पुसायला."

घरी दारातच लेकीने पिशवीत हात घातला. "आई, कडा?"

कोझुएने तिला उचलून कडेवर घेतलं. भार आपसूक उजव्या टाचेवर आला.