घरचा भाव

भार्गवीने पोलंडच्या रकान्यातला आकडा तिसऱ्यांदा खोडला आणि पुन्हा तोच लिहिला. त्याच्याखाली तुर्कस्तान होतं, त्याच्याखाली ब्राझील. प्रत्येक देशाच्या खिशाला परवडेल आणि आपल्याही पदरात काही पडेल असा भाव ठरवायचा, म्हणजे न पाहिलेल्या पाहुण्यांसाठी किती तांदूळ लावावेत याचा अंदाज बांधणं. चुकलं तर पातेलं उरणार नाहीतर पाहुणे उपाशी. ती उठली, खिडकी उघडली, परत येऊन बसली.

नानाखेड्याच्या घराची ही वरची खोली म्हणजे त्यांची कंपनी. कंपनीत माणसं दोन. प्रोग्राम लिहिणारी भार्गवी आणि चित्रं काढणारा, आवाज भरणारा रुचिर. तीन वर्षं खपून दोघांनी एकच गेम केला होता, 'केबिन'. आडगावच्या स्टेशनातली सिग्नल केबिन, साठ रात्री, आणि खेळणाऱ्याने प्रत्येक गाडीला आधी सिग्नल द्यायचा, मग ती जवळ आली की लिव्हर ओढून तिला सुखरूप पुढे काढायची. चार ऑनलाइन दुकानांत तो ठेवला होता. सात आठवड्यांत जगभरातून दोनशे बारा प्रती खपल्या होत्या आणि हा आकडा घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

पुण्याच्या एका कंपनीने रुचिरला नोकरी देऊ केली होती. त्याने आज संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली होती, कारण चार दुकानांतल्या सगळ्यात मोठ्या दुकानाचा सेल उद्या सुरू होणार होता आणि त्यांनी 'केबिन'ला पहिल्या पानावर एक दिवस जागा दिली होती. एकच दिवस, पण लाखो लोक ते पान बघतात. पानाची यादी आज संध्याकाळी पक्की होणार होती. ती जागा टिकली तर रुचिर थांबणार होता. गेली तर तो पुण्याला जाणार, आणि मग भार्गवीला दुसरा गेम करणं शक्य नव्हतं. तिला साधी झोपडी काढायला सांगितली तरी ती पेटीसारखी दिसायची.

साडेतीनला मोठ्या दुकानाची मेल आली. भार्गवीने ती वाचली, मग रुचिरला ऐकू जावी म्हणून मोठ्याने वाचली. तुमचा गेम आमच्याकडे चारशे नव्याण्णव रुपयांना आहे, पण दुसऱ्या दुकानात याहून स्वस्त विकला जात आहे. करारानुसार भाव सगळ्या दुकानांत सारखा हवा. आज पाच वाजेपर्यंत दुरुस्ती न झाल्यास पहिल्या पानावरची जागा रद्द होईल.

"शक्यच नाही," रुचिर म्हणाला. "सगळीकडे चारशे नव्याण्णवच आहे."

तिने एकेक दुकान उघडून पाहिलं. तीन ठीक होती. चौथं, सगळ्यात लहान, जिथे महिन्याला जेमतेम दोन गिऱ्हाइकं फिरकत असतील म्हणून ती कधी डोकावतही नसे, तिथे भाव होता एकशे एक.

तेवढ्यात तिचे वडील चहा घेऊन वर आले. अरविंदरावांचं देवास गेटला चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं. महाकालाच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूला बाहेरचा भाव आणि ओळखीच्याला घरचा भाव, अशी त्यांची रीत होती आणि त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नव्हतं. दुकान बंद केल्यापासून ते लेकीच्या कंपनीचे कागद सांभाळायचे. सगळे पासवर्ड त्यांच्या डायरीत होते.

"बाबा, एकशे एक तुम्ही केलं?"

"हो, मीच केलं." ते खुशीत होते. "अगं, महाराष्ट्र मंडळात सगळे विचारत होते, अरविंदराव, आपल्या मुलीचा गेम आणि आपल्याला पण चारशे नव्याण्णव? बरं दिसतं का ते? म्हणून सगळ्यात लहान दुकान बघून तिथे घरचा भाव लावला. दीडशे. काल मंडळातला पेठे म्हणाला, शगुनाचा आकडा ठेवा ना. म्हटलं, चलो, त्यात काय."

"बाबा, तिथे घर-बाहेर असं काही नसतं हो. सगळ्यांना सगळं दिसतं."

"एवढ्याशा दुकानात कोण बघायला जातंय, मला वाटलं." तिचा चेहरा पाहून त्यांनी ट्रे खाली ठेवला. "का, काही गडबड झाली का?"

गडबड मोठी होती. लहान दुकानाचा नियम असा की भाव एकदा बदलला की तीन दिवस पुन्हा बदलता येत नाही. भार्गवीने तरी चारशे नव्याण्णव लिहून पाहिलं. लाल ओळ आली. तिने दुकानाला मेल केली, उत्तरही लगेच आलं: दोन कामकाजी दिवसांत आपल्याशी संपर्क साधू. तिला ओरडावंसं वाटलं, पण बाबा तिथेच उभे होते, हातातला रुमाल चुरगाळत, आणि त्यांच्यावर ओरडणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. सव्वाचार वाजले होते.

"पानच काढून टाक," रुचिर म्हणाला. "गेमच नाही तिथे, तर भाव कसला?"

तो मार्ग होता खरा. पण तिथे गेम उतरवून घेता येत नसे, दुकानाच्या पानावरच खेळला जायचा. पान काढलं की घेतलेल्यांचा गेम जाणार, आणि जो जिथवर पोचलाय तेही कायमचं पुसलं जाणार.

"ज्यांनी घेतलाय त्यांचं काय?"

"यादी बघ ना. खेळलंय तरी कोण?"

तिने यादी उघडली. त्रेसष्ट नावं, सगळी महाराष्ट्र मंडळातली. नावापुढे खेळलेला वेळ. शून्य, शून्य, शून्य. गणपतीची वर्गणी द्यावी तसे लोकांनी पैसे दिले होते आणि विसरून गेले होते. ती भराभर खाली गेली आणि थांबली. विनोदिनी कारखानीस, एकेचाळीस तास.

"माधव नगरच्या विनोदिनी वहिनी," बाबा मागून वाकून म्हणाले. "मीच लावून दिलं होतं त्यांना, नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर. मला वाटलं, दोन मिनिटं बघून ठेवून देतील."

अख्ख्या जगात एकेचाळीस तास 'केबिन' दुसऱ्या कुणीच खेळलं नव्हतं. बाकीच्या दुकानांत सर्वांत जास्त खेळलेला माणूस कॅनडातला होता, त्याचे सहा तास झाले होते. भार्गवीला इतका आनंद झाला की क्षणभर ती मेल विसरली, आणि आठवल्यावर त्या आनंदाचाच राग आला. विनोदिनी काकू अठ्ठावन्नाव्या रात्रीपर्यंत पोचल्या होत्या. अजून दोनच रात्री राहिल्या होत्या.

तिने काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा.

"आज गुरुवार ना, मठात गेल्या असतील," बाबा म्हणाले. "थांब ना बेटा, मी स्कूटरवर जाऊन येतो."

"जाऊन काय करणार, बाबा?"

बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. चहावर साय धरली होती.

रुचिर पेनचं टोपण काढत होता, लावत होता. पावणेपाच झाले.

"खेळणारं एकच तर माणूस आहे," भार्गवी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. रुचिरने निदान एकदा थांब म्हणावं असं तिला फार वाटत होतं, आणि तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचाही दोष नव्हता. त्याला घरी आई होती, धाकटी बहीण होती, आणि तीन वर्षांत त्याने नवा बूट घेतला नव्हता.

चार बावन्नला तिने बटण दाबलं. खरंच काढायचं का, असं दुकानाने विचारलं. तिने हो म्हटलं.

पाच वाजून सहा मिनिटांनी मोठ्या दुकानाची मेल आली. आभार, आपली जागा कायम आहे. रुचिरने टेबलावर मूठ आपटली, दोन्ही हातांनी तिचे खांदे हलवले आणि पुण्याला नाही म्हणायला फोन घेऊन धाडधाड जिना उतरला. बाबाही उठले. "झालं ना ठीक? मतलब, निभावलं ना?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि ती दोनदा हो म्हणाली.

सहाला काकूंचा फोन आला.

"अगं, तुझे तीन कॉल दिसतायत. मठात होते, फोन पर्समध्ये राहिला. आणि आत्ता गेम उघडायला गेले, तर पान सापडत नाही असं काहीतरी येतंय. माझ्या हातून कुठलं बटण दाबलं गेलं का गं?"

"नाही काकू. तुमचं काही चुकलं नाही. आम्हालाच ते बंद करावं लागलं."

"उद्यापर्यंत होईल सुरू?"

"मी तुम्हाला दुसऱ्या दुकानातला देते. पैसे नाही घेणार. फक्त..." तिने खिडकी ओढून लावली. "फक्त पहिल्या रात्रीपासून खेळावं लागेल."

"अस्सं." पलीकडे काकूंनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. "आमचे हे बत्तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये होते, माहीत आहे ना तुला? एकदा मी म्हटलं, मला आत येऊन बघू तरी द्या. तर म्हणाले, बाहेरच्यांना परवानगी नसते."

भार्गवीने डोळे मिटले. "मला माफ करा, काकू."

"अगं, त्यात काय. तुमच्या कामाचं असेल काहीतरी." काकूंचा आवाज खरोखरच समजुतीचा होता. "एकच विचारायचं होतं. मठात जायची घाई झाली म्हणून मी मधेच उठले. मालगाडीला सिग्नल देऊन बसले होते, गाडी निघालेली होती. तिचं काय झालं?"

ती गाडी आता कुठेच नव्हती. हे भार्गवीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"पोचली, काकू," ती म्हणाली. "वेळेवर पोचली."

"हो? मग लिव्हर कुणी ओढला?" काकूंनी विचारलं.