झेंडू हलला की

बाळकुमच्या वृद्धाश्रमातले दार आपोआप उघडते आहे, हा निरोप लिओनेलला दसऱ्याच्या सकाळी मिळाला आणि तो गोंधळून गेला. आदल्याच दिवशी त्याने तिथे स्पर्शाचे बटण बसवले होते. काचेची गुळगुळीत पट्टी. बोट टेकले की लाल दिवा हिरवा होई आणि चुंबकाचे कुलूप सुटे. विसराळू म्हाताऱ्यांचे हात पोचू नयेत, इतक्या उंचीवर. त्या म्हाताऱ्यांत त्याचे वडील इनासही होते. बाहेर वाहता रस्ता होता, त्यापलीकडे खाडी.

"दोनदा फाटकापर्यंत गेलेले," त्यांना सांभाळणारी शेवंती म्हणाली. "आज दार नीट झालं नाही, तर इनासबाबांना घरी न्या म्हणतात मॅडम."

घरी दिवसभर कुणीच नसे.

बटणावर लोंबणारा झेंडूचा हार काढून लिओनेलने पट्टी उघडली. तारा तपासल्या, पुन्हा पुन्हा बोट टेकले. दार आज्ञाधारक होते. समोरच्या खुर्चीतून इनास त्याच्याकडे अनोळखी डोळ्यांनी पाहत होते. खांदे आखडल्यापासून त्यांचा हात छातीच्या वर जात नव्हता. मग उघडतो कोण?

"झालं, शेवंतीताई. काहीच बिघाड नाही."

"मग काय भूत उघडतं?" असे म्हणत तिने हार पुन्हा बटणावर अडकवला आणि फुलांवर पाणी शिंपडले. "सणाच्या दिवशी नवं यंत्र भुंडं कसं ठेवायचं? तुमच्या ड्रिललाही कुंकू लावलंय. चालतं ना तुमच्यात?"

"ड्रिलला विचारा," तो हसून म्हणाला आणि पिशवी आवरू लागला.

"मिस्त्री," इनास हळूच म्हणाले, "जरा पंखा लावा."

मुलाला ते मिस्त्री म्हणत. लिओनेलने निमूटपणे पंखा लावला. हार झुलला, एक ओला झेंडू काचेला टेकला. लाल दिवा हिरवा झाला. कुलूप सुटल्याचा आवाज येण्याआधीच इनास खुर्चीतून उठले होते.

ओल्या फुलाला यंत्र बोट समजत होते, हे लिओनेलच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. वडिलांना ते सकाळीच समजले होते. ज्या माणसाला पोटचा मुलगा ओळखू येत नव्हता, त्याने हे कसे हेरले, हे मात्र त्याला उमजेना.

त्याने दार लोटले आणि हार उचलून चौकटीवरच्या खिळ्याला, बटणापासून दूर, बांधला.

"इथे चालेल?"

"देवाला चालतं," शेवंती म्हणाली. "मॅडमना सांगते, दार नीट झालं."

दार मिटलेलेच राहिले. इनास तिथेच उभे होते, पट्टीकडे टक लावून.

"मिस्त्री, वारा पडला काय?"

लिओनेलने शेवंतीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान डोलावली. मग त्याने स्वतःच बोट टेकले, दिवा हिरवा झाला आणि त्याने वडिलांपुढे हात केला. "चला पप्पा, खाडी बघून येऊ."

इनास जागचे हलले नाहीत. त्यांची नजर वर, चौकटीवर होती.

"थांबा," ते म्हणाले. "फूल हाललं नाही अजून."