मी घासत राहिले, आजी बोलल्या नाहीत

मी एक जुनी अंगघासणी आहे, मित्रांनो. नायलॉनची, हिरव्या पट्ट्यांची. दोन टोकं दोन हातांत धरून पाठीवर ओढायची तशी. आत्ता मी कचऱ्याच्या पिशवीत आहे आणि पिशवी जपानमधल्या योकोते गावातल्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. गाडी यायच्या आत भराभर सांगून टाकते, नंतर सांगायला मी नसेन.

कारखान्यात मला मुद्दाम खरखरीत विणलं होतं. हात्सुए आजींनी मला घरी आणलं तेव्हा आजोबा होते. न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "अजून जोरात. मूर्ती पुसतेस का?" मग आजी जोर लावायच्या, पाठ लालबुंद व्हायची, आणि मग कढत पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत. लाल झालं म्हणजे स्वच्छ झालं, असं त्या घरात सगळे मानायचे. मीही मानायची. अभिमान होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

मग आजोबा गेले. मुलगा नोकरीसाठी लांब सेंदाईला, त्यामुळे घरात दोघीच उरल्या, आजी आणि सून कायोको. त्या हिवाळ्यात शेजारच्या सुझुबाईंचा नळ गोठून फुटला आणि त्या अंघोळीला आमच्याकडे आल्या. अंग पुसता पुसता म्हणाल्या, "हात्सुए, आजकाल बायका आधीच तिथले केस काढून ठेवतात म्हणे. उद्या अंथरुणाला खिळून लंगोट बांधायची पाळी आली तर पुसणाऱ्याला सोपं जातं."

"माझी पाळी अजून आलेली नाही," आजी म्हणाल्या.

"ती काय पत्र टाकून येते?"

"आधी तू करून बघ," म्हणत सुझुबाई हसत हसत घरी गेल्या, पण आजींच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. सुनेला आपलं करायला लागू नये, आणि लागलंच तर कमीत कमी लागावं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आजोबांचा दाढीचा रेझर काढला. पातं किती वर्षांचं होतं कुणास ठाऊक. पाणी नाही, साबण नाही. कोरड्या कातडीवर उलट्या दिशेने खरवडलं, मग मला घेतलं आणि तिथेच घासलं, पाठ घासायच्या तसं. मग टबात. पाण्यात उतरताना त्यांनी ओठ चावला, मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. आजींना वाटलं, मळ राहिलाय. म्हणून परत घासलं. मित्रांनो, माझ्या विणीत रक्ताचा ठिपका आला तरी त्या घासत होत्या आणि तोंडातून आवाज नव्हता.

आठवड्याने कायोकोला त्या भिंत धरून उभ्या दिसल्या.

"आई, काय होतंय?"

"काही नाही. थोडं खाजतंय."

"थोडं खाजलं म्हणून कुणी भिंतीला चिकटत नाही. दाखवा."

"तुला नाही दाखवणार."

कायोकोने घरी येणाऱ्या नर्सला, ताकिझावाबाईंना, बोलावलं. त्यांनी आजींना न्हाणीघरात नेऊन बघितलं.

"कुणी शिकवलं हे, आजी?"

"सुझुने."

"तिने स्वतः केलं?"

"नाही. म्हणाली, आधी तू करून बघ."

ताकिझावाबाईंना हसू आलं, पण आजींच्या अंगात ताप होता आणि पू झाला होता. त्या कायोकोला म्हणाल्या, "सगळं काढायची गरजच नसते. बोथट टोकाच्या कात्रीने आखूड केलं तरी पुसायला पुष्कळ सोपं. काढायचंच तर कोमट पाण्याने मऊ करायचं, भरपूर फेस, नवं पातं, आणि केस वळलेत त्याच दिशेने हलक्या हाताने. नंतर मऊ कापडाने नुसतं टिपायचं. एकदोन दिवस कढत पाण्यात बसायचं नाही, कपडे सैल, सुती." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही तिथे लावायची नाही. कधीच."

मी खुंटीवर होते. मला खाली पडावंसं वाटलं.

आजी अकरा दिवस दवाखान्यात होत्या. पुरळ बरं झालं, पण पडून पडून पायातली ताकद गेली ती गेलीच. जे टाळायला सगळं केलं तेच झालं. कायोको त्यांना खुर्चीवर बसवून न्हाऊ घालायची, नुसत्या तळहाताने, फेस लावून. आजी भिंतीकडे तोंड करायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "माझी सासू सहा वर्षं अशी होती. मी तिला वाकडं बोलले नाही कधी. पण पुसताना श्वास रोखून धरायचे. तिला कळत असणार."

कायोकोने वाकून मोठा श्वास घेतला, आजींना ऐकू जाईल असा, आणि पुसत राहिली.

छपरावरचा बर्फ घसरायला लागला त्या दिवसांत आजी गेल्या.

त्याला चार वर्षं झाली. मी खुंटीवरच, कायोकोच्या पाठीपुरती. परवा कायोको एकटीच आत आली. हातात नवं पातं, वाटीत फेस. तिच्या मुलाचं लग्न झालेलं नाही, तो ओसाकाला असतो; उद्या तिला पुसायला सून नाही, कुणी परकंच येणार. तिने ताकिझावाबाईंनी सांगितलं तसंच सगळं केलं, सावकाश, आणि शेवटी मऊ कापडाने टिपलं. मग सवयीने हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यात थांबला.

"तुझा दोष नाही गं," ती म्हणाली. "पण तू हाताशी असलीस की मी घासणारच."

म्हणून मी पिशवीत.

मित्रांनो, माझ्यासारखीला टाचेला लावा, कोपराला लावा. नाजूक जागी नको, आणि नुकते केस काढले असतील तिथे तर नकोच नको. आणि आग होत असेल तर बोला. मला कळत नाही, मी फक्त घासते. आजी एकदा जरी कण्हल्या असत्या ना, तर कायोको दाराच्या पलीकडेच होती, त्यांच्याच मोज्यांच्या घड्या घालत.