आधी जिना, मग पांढरा रस्सा

अठ्ठ्याऐंशी साली देशाचं युवक धोरण ठरलं, आणि बेकारी हटवायला आमच्या शिवाजी पेठेतही एक शिवणकाम केंद्र निघालं. मशिनं मागाहून येणार होती. तोवर वेळ वाया नको म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर खडूनं मशीन काढलं. पोरी बाकावर बसून पाय हलवायच्या. कुलसुम त्यात पहिली आली.

सर्टिफिकेट घेऊन ती टेलरकडं कामाला गेली. त्यानं खऱ्या मशीनवर बसवलं. चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही खिशाला जोडली गेली.

"पोरी, शिकून ये," टेलर म्हणाला.

"शिकूनच आलोय की!"

आता कुलसुमला मशीन पाहिजे होतं. अडचण एवढीच, की केंद्र उत्तम चाललं होतं. दर सहामाहीला मूल्यमापनाला साहेब यायचे. केंद्राचे चेअरमन गणपतराव त्यांना आल्या आल्या पानावर बसवायचे, कारण आमच्याकडं पावण्याला उपाशीपोटी कामाला लावत नाहीत. तांबडा, पांढरा, पुन्हा पांढरा. मग साहेब जरा आडवे व्हायचे. उठेपर्यंत गाडीची वेळ झालेली असायची. अहवालात 'समाधानकारक' लिहून ते निघायचे, आणि जेवणापुरतं ते खरंही असायचं. आता समाधानकारक केंद्राला मशिनं कशाला पाठवायची?

हा स्वयंपाक कुलसुमची आई ताजबी करायची. यंदा ताजबीचे गुडघे धरले, म्हणून चुलीपाशी कुलसुम होती. साहेब आले, हात धुऊन बसले.

"कुलसुम, वाढ गं!" गणपतरावांनी आवाज दिला.

कुलसुमनं स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आधी केंद्र बघायचं. मग जेवायचं."

"अगं, पावणं हायत! पेठेची अब्रू जाईल."

"गेली तर शिवून देतो, मामा. तेवढं मशीन आणा."

"तुझ्या आईनं कधी असं केलं न्हाई."

"अम्मा फळ्यावर शिकली न्हाई."

तालमीतला केरबा पैलवान दंड थोपटत पुढं झाला. "चेअरमनसाहेब, कुलूप फोडू काय?"

"फोड की," कुलसुम म्हणाली. "तालमीच्या पुढच्या जेवणाला तुला वाढणार कोण, ते पण ठरवून ठेव."

केरबा तिथंच तटस्थ झाला.

दाराच्या फटीतून रश्शाचा वास येत होता. साहेबांनी विचारलं, "केंद्र लांब आहे का?"

"वरच हाय की. जिना चढला की झालं."

साहेब धावतच चढले. मूल्यमापन करणाऱ्या माणसाचे पाय त्या जिन्याला पहिल्यांदाच लागत होते.

"मशीन कुठंय?"

कुलसुमनं फळा दाखवला. मग बाकावर बसली, पाय हलवू लागली, नसलेलं कापड सुईखाली सरकवू लागली. चेहरा गंभीर. साहेबांचं पोट गुरगुरलं. खोलीत मशीनसारखा आवाज काय तो तेवढाच.

"लक्षात आलं," साहेब म्हणाले. "जेवून लिहितो."

"लिहून जेवा."

साहेबांनी उभ्या उभ्या 'असमाधानकारक' लिहिलं आणि खाली येऊन तीनदा पांढरा मागितला.

आठवडाभर पेठेत सुतक होतं. गणपतराव मान वर करून चालेनात. मग वरून कळवण्यात आलं, की प्रकार गंभीर आहे, खात्री करायला पाच जणांची समिती येईल.

"आता तरी गप वाढ, बाई," गणपतरावांनी हात जोडले.

"मटण जास्त आणा, मामा. जिना चढल्यावर भूक लागत्या."

पाचही जण उपाशी चढले. दिवाळीच्या तोंडावर मशिनं आली. गणपतरावांनी नारळ फोडला आणि हे सगळं आपण कसं घडवून आणलं ते सांगायला सुरुवात केली. कुलसुम भाषणाला थांबली नाही. मशीनवर बसली, आणि चाक उलटं फिरलं. बाही पुन्हा खिशाला जोडली गेली.

तिनं ती उसवली. दोरा ओवला. परत बसली.