निरोगी नमुना

पुतणी तिला जंतूआत्या म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, आत्याला ते नाव आवडायचंही. पोटात रोग माजवणाऱ्या जंतूंची कुळं शोधायची, हे तिचं काम. जंतू वाढताना आपल्या जनुकांची नक्कल करतो आणि नक्कल करताना कुठेतरी चुकतो. ती चूक पुढे त्याच्या सगळ्या पिलावळीत उतरते. अशा चुका जुळवत गेलं की कोण कुणाचा पणजोबा आणि कोण कुणाचा नातू, ते कळतं. लग्नं जुळवणाऱ्यांनाही एवढी नातीगोती ठाऊक नसतील, असं ती चारचौघांत ऐटीत सांगायची.

तर दादाच्या घरी पुतणीच्या वाढदिवसाचं जेवण झालं आणि निम्मं घर आडवं झालं. पुतणी तर दवाखान्यात, सलाइनवर. वहिनी रडून रडून विचारायला लागली, "अहो वन्सं, हे झालं तरी कशानं?"

"कशानं म्हणजे? स्वयंपाकाच्या मावशींकडून," जंतूआत्या म्हणाली. "हे जंतू हातातूनच जातात. काही माणसं वरून धडधाकट असतात आणि वर्षानुवर्षं ते पोटात बाळगून असतात. माझं रोजचंच आहे हे."

मावशी पुतणीला बघायला म्हणून आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी त्याही तेच जेवल्या होत्या, त्यांचंही पोट बिघडलं होतं, पण ऐकून कोण घेतंय? "ताई, मी हात धुते हो," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनीने त्यांना तिथल्या तिथे नारळ दिला, आणि बातमी पसरल्यावर इमारतीतल्या बाकीच्या घरांनीही. दादा तेवढा पुटपुटला, "अगं, आधी तपासणी तरी होऊ दे."

"तपासणी मीच करणार आहे ना," ती म्हणाली. घ्या! म्हणजे निकाल आधी आणि खटला मागाहून.

सगळ्या आजाऱ्यांच्या शौचाचे नमुने तिच्याच प्रयोगशाळेत आले, मावशींचाही आला. तिथली एक जुनी रीत होती. दर खेपेला एका निरोगी माणसाचा नमुना सोबत लावायचा, म्हणजे यंत्र नीट चाललंय की नाही ते कळतं. आता असली डबी बाहेरचं कोण हौसेनं भरून देणार? म्हणून आपापसांतच पाळ्या लावलेल्या, आणि ज्याची पाळी त्याची दिवसभर टिंगल. या खेपेला पाळी जंतूआत्याची होती. वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच तिने डबी भरून फ्रीजमध्ये ठेवून दिली होती.

जंतूंचा वंशवृक्ष पडद्यावर उमटला तेव्हा शेजारचा तंत्रज्ञ उगाचच खाकरला. "मॅडम, या वेळचा निरोगी नमुना कुणाचा?"

"माझा. का रे?"

"निरोगी नाहीये तो."

तिने खुर्ची पुढे ओढली. महिन्याभरापूर्वी ती पुराने वेढलेल्या एका वस्तीत नमुने गोळा करायला गेली होती. परत आल्यावर तिचं पोट बिघडलं, मग आपोआप बरंही वाटलं. बरं वाटतंय म्हणजे जंतू गेले, असं एखादी शेजारीण म्हणाली असती तर हिने तिला तासभर झापलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र मजेत विसरून गेली.

वस्तीतल्या जंतूंत नकलेतल्या चुकीची एक खूण नव्हती, वाढदिवसाच्या सगळ्या आजाऱ्यांत ती होती. खूण नसलेले जुने आणि खूण असलेले नवे, दोन्ही एकत्र नांदत होते ते फक्त तिच्या डबीत. म्हणजे ती चूक घडली होती तिच्याच पोटात. मावशींचा जंतू पार फांदीच्या टोकाला होता. त्यात ती खूण होतीच, वर आणखी एक नवी भर पडलेली. मावशींनी तो कुणाला दिला नव्हता, त्यांना तो त्या जेवणात मिळाला होता. आणि जेवणातली फळं कुणी चिरली होती? "मावशी, तुम्ही राहू द्या, एवढं मी करते," असं म्हणत, सगळ्यांकडून कौतुक करून घेत, हिनेच.

तिने यंत्र पुन्हा चालवलं. उत्तर तेच. क्षणभर मनात आलं, निरोगी नमुना खराब निघाला म्हणून बाद करावा. कोण विचारणार आहे? मग त्या विचाराचीच तिला इतकी लाज वाटली की तंत्रज्ञाकडे मान वर करून बघवेना. त्याच्यासमोरच तिने अहवालात स्वतःचं नाव लिहिलं, आणि औषध सुरू केलं.

पुतणी घरी परतली होती. जंतूआत्याने सगळं सांगितल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "जाऊ द्या वन्सं, झालं ते झालं. बाहेर कशाला बोलता? मावशींना काय, मिळेल कुठेतरी काम." तिला सांभाळून घ्यायलाच वहिनी बोलत होती, म्हणून तर ते जास्त लागलं. दादाने मावशींचा पत्ता दिला.

दार मावशींच्या लेकीने उघडलं, कडेवर तान्हं बाळ. मावशी खिडकीशी वेगळ्या चटईवर बसल्या होत्या, ताट-पेला बाजूला मांडलेला. "या ताई," त्या म्हणाल्या, "पण फार जवळ नका येऊ."

"मावशी, ते तुमच्यामुळे नव्हतं झालं. माझ्यामुळे झालं. तुम्हालाच माझ्याकडून लागण झाली." ती एका दमात बोलून गेली. "मी न तपासता बोलले. आता घरोघरी जाऊन मीच सांगणार आहे."

"नक्की?"

"नक्की. तुमची दुसरी तपासणी स्वच्छ आली आहे. तुमच्या पोटात आता काही नाही."

मावशींनी माफीबिफी ऐकलीच नाही. "मग बाळाला घेऊ मी?" त्यांनी विचारलं.

"बाळ जन्मल्यापासून आई त्याला शिवली नाहीये," लेक म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात ना, वर्षानुवर्षं पोटात असतं म्हणून."

मावशींनी बाळ घेतलं. हसल्या, रडल्या, त्याच्या टाळूवर गाल टेकवून नुसत्या बसून राहिल्या. जंतूआत्या उभीच होती, कुठे बघावं ते तिला कळेना. तेवढ्यात मावशी उठल्या, डोळे पुसले आणि बाळ पुढे केलं. "घ्या, ताई. तुम्ही पण घ्या."

तिचे हात आपोआप पुढे झाले, आणि तिने ते मागे घेतले.

"नको, मावशी," ती म्हणाली. "माझी तपासणी अजून स्वच्छ आली नाहीये."

बाळाला छातीशी धरून मावशी एक पाऊल मागे सरकल्या.