तळहाताखालचा हात

विरूपाक्षअप्पांच्या घरात पूजेआधी कुणाच्या पोटात घास जात नसे. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, मगच भाकरीकडं वळायचं. त्यांच्या बायकोनं, सिद्धम्मानं, जन्मभर हेच केलं. पण उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. आधी पाय बधिर, मग हात. परभणीच्या दवाखान्यातून ती ताडकळसला परतली ती निम्मी होऊन.

"रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटली," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "कणसावर पानं असतात ना, तसं नसेवर मायलिनचं आवरण असतं. ते सोललं गेलंय. पुन्हा भरून येईल, पण सावकाश. पोटभर खायचं, हात हलवत राहायचं."

सिद्धम्मा तर दोन घोट पेजेपलीकडं जाईना. हात भरायचे सोडून वाळायला लागले.

"ताट का सारायलीस?" अप्पांनी विचारलं.

"पूजेबिगर घास उतरंना. तळहाताला काईच कळंना गेलंय. देव हातातून पडला तर?"

"मी धरतो की तुझं लिंग."

"आन् मी काय मेले का? ज्याचं लिंग त्याच्याच हातावर. एवढं बी ठावं न्हाई म्हाताऱ्याला!"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी भुसार दुकानाचं कुलूप काढलंच नाही. न्हाऊन ते तिच्या खाटेशी बसले. तिचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला, तिच्या हातावर लिंग ठेवलं.

"देव तुझ्याच हातावर हाय. मी नुसता पाट."

सिद्धम्माच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी अर्धी भाकर दुधात कुस्करून तिच्या पोटात गेली.

मग रोज तसंच. शिवारात सोयाबीन उगवलं, गुडघ्याला लागलं, शेंगांनी लगडलं. घरात दोन हात एकावर एक. दुकान उशिरा उघडतं म्हणून गिऱ्हाईकं चेष्टा करत. अप्पा हसून तराजू धरत, पण मनातून धास्तावलेले. तिच्या हाताला अजून काहीच कळत नव्हतं.

एका सकाळी ऐन पूजेत सिद्धम्माच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं गं? दुखायलं का?"

"तुमचा हात किती खरखरीत हाय वो! पोती उचलून उचलून पार खापर झालंय. टोचायलंय मला."

अप्पांच्या हातातला बेल तसाच राहिला.

"काय म्हणलीस?"

"टोचायलंय म्हणलं. बहिरे झालाव का?"

"काढू का मग हात?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नगं," सिद्धम्मा हळूच म्हणाली. "टोचू द्या."