पाहुण्यांचा पंखा

मित्रांनो, मी टेबलपंखा, आता जुना झालो आहे. माझी पाती गंजली आहेत आणि मान एका बाजूला वळून अडकते. पण एका माणसाने फार विचार करून मला निवडलं होतं, याचा अभिमान मला अजून वाटतो.

ते साल शहात्तर. रहिमतपूरचा फौजी कृष्णात रजेवर आला होता आणि कराडच्या दुकानात पंखा बघत होता. दुकानदार छताचा पंखा त्याच्या गळ्यात मारू पाहत होता. "सोप्यात लावा, चार पावणं बघत्याल," तो म्हणाला.

"शोभेला नगं," कृष्णात म्हणाला. "कारभारीण बाळंत व्हायची हाय. माजघरातली खोली लय ठेंगणी, खिडकी न्हाई. उचलून तिच्यापाशी ठेवता येईल असा द्या."

एसटीच्या टपावर न टाकता त्याने मला मांडीवर घरी आणलं. वायरमन बोलावून त्या खोलीत माझ्यासाठी प्लग बसवून घेतला. मग रजा संपली आणि तो गेला.

दुसऱ्याच दिवशी मी बाहेरच्या सोप्यात आलो, विणलेल्या रुमालाखाली. कृष्णातची आई साळूबाई वाईट नव्हत्या. पण बाळंतिणीला वारं लागलं की ती जन्माची अधू होते, असं त्या त्यांच्या आईकडून ऐकत आल्या होत्या. पाहुणे आले की मला लावायचं, गेले की झाकायचं. पाहुणे कौतुक करत आणि मी मूर्खासारखा मान डोलावत असे.

भर वैशाखात कृष्णातच्या बायकोला, लीलाबाईला, मुलगी झाली. खोलीचं दार बंद, बाजेखाली शेगडी, बाळाला कुंची आणि वर दुपटी. पाचवी पुजली आणि पोरीचं अंग तापलं. ती दूध ओढेना.

"आत्याबाई, पंखा तेवढा आत आणा," लीलाबाईचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. "पोरीचा जीव तगमगतुया."

"बाळंतिणीला वारं लावतंय व्हय कुणी? सोस जरा. आमी न्हाई सोसलं?"

मला पाय असते तर मी गेलो असतो. दुपारी डॉक्टरांना आणायला माणूस धावला, पण ते येईपर्यंत मुलगी गेली होती.

दुखवट्याला सोपा माणसांनी भरला. साळूबाईंनी सवयीने रुमाल काढून मला लावलं. इतकं जड फिरणं माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला भरल्या बैठकीतून उचललं आणि आत लीलाबाईसमोर ठेवलं.

"घे बाई, लाव," त्या म्हणाल्या.

लीलाबाईने माझ्याकडे पाहिलं. "न्या भाईर," ती म्हणाली. "पावणं उकाड्यात बसल्याती."

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी मागणार नाही. तुमच्या घरी पंखा आला तर आधी एवढंच बघा, सगळ्यात जास्त उकाडा कोण सोसतं आहे. आणि तो त्या माणसापाशी नेऊन ठेवा. उचलून न्यायला आमचं फार वजन नसतं.